पोटरीला तिकिटाचा वर्ग कळत नाही

माझा दवाखाना बिरसीला. गावाला लागून धावपट्टी आहे, हे गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. इंग्रजांनी ती १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. युद्ध संपले आणि धावपट्टी बरीच वर्षे शांत पडून राहिली. पुढे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि छोट्या विमानांची घरघर आमच्या कानांना सवयीची झाली. आता बांधीत रोवणी करणाऱ्या बायाही मान वर करून पाहत नाहीत.

प्रवासी विमान मात्र अलीकडचे. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच थांबली. मग १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद आणि तिरुपतीकडे जाणारे विमान सुरू झाले. तेव्हापासून माझ्या दवाखान्यातल्या बाकावरचे बोलणे बदलले. पूर्वी धानाचा भाव, बोनस आणि पाऊस, एवढेच विषय असायचे. आता त्यात विमानातली खुर्चीही आली आहे.

धानगिरणीचे एक मालक म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, गुडघे पुढच्या खुर्चीला लागतात.’ तिरुपतीला जाऊन आलेल्या एका आजींचे म्हणणे निराळे. त्या म्हणाल्या, ‘खुर्ची चांगली होती, पण माझे पायच टेकत नव्हते बाप्पा.’ ज्यांची मुले परदेशात आहेत ते सांगतात, ‘बिझनेस क्लासमध्ये बटण दाबले की खुर्चीचा पलंग होतो!’ मग बाकावरचे सगळे कान देऊन ऐकतात. विमानतळाला जमीन गेलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एकदा अगदी सरळ विचारले, ‘त्या खुर्चीत असं काय असते, की लाखाचं तिकीट काढतेत?’

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आरोग्याशी येऊन भिडते. म्हणून या आठवड्यात खुर्चीविषयीच लिहितो.

एक चूक, माझी

आधी एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझी आहे.

आमच्या भागातले एक निवृत्त मुख्याध्यापक, वय सत्तरीच्या घरात, मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून परतले. परतीचे तिकीट मुलाने हौसेने बिझनेस क्लासचे काढले होते. सोळा तासांचे उड्डाण करून मुंबई गाठली आणि तिथून विदर्भ एक्स्प्रेसने गोंदिया. आल्यावर दुसऱ्याच दिवशी गुरुजी दवाखान्यात आले ते पाय दाखवायला. पण पायाआधी खुर्चीचे वर्णन सुरू झाले. खुर्ची किती रुंद, पाय कसे लांब करता येतात, पांघरूण किती मऊ, जेवण कसे पांढऱ्या कापडावर मांडतात! पाव तास मी कौतुकाने ऐकत होतो.

शेवटी ते म्हणाले, ‘डावा पाय जरा जड वाटतो.’ मी पाहिले. घोट्याजवळ सूज होती. ‘प्रवासाची सूज आहे गुरुजी, दोन दिवसांत उतरेल,’ असे म्हणून मी लावायला मलम दिले आणि पाय उशीवर ठेवून झोपायला सांगितले. उजवा पाय मी नीट पाहिलाच नाही. टेबलाच्या खणात मोजपट्टी होती, ती काढली नाही. एवढ्या ऐसपैस खुर्चीतून आलेल्या माणसाला बसून बसून आजार कसा होईल, असे कुठेतरी माझ्याही मनात बसले होते.

तिसऱ्या दिवशी काकू एकट्याच आल्या. ‘डॉक्टरसाहेब, यांच्या डाव्या पायाचा पायजमा पोटरीवर घट्ट होऊन राहिला. शेजारचा पोरगा रोज तेल लावून चोळून देते, तरी उतरत नाही.’

चोळून देतो हे ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. मी तसाच त्यांच्या घरी गेलो. मोजपट्टी लावली. डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरने जास्त होती. हाताला गरम लागत होती. मालिश ताबडतोब बंद करायला लावले आणि त्याच दुपारी गुरुजींना गोंदियाला सोनोग्राफीसाठी पाठवले. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली आणि ती गुडघ्याच्या वरपर्यंत गेलेली होती. फिजिशियनने रक्त गोठू न देणारी औषधे सुरू केली. तीन महिने गोळ्या चालल्या. गुरुजी आज ठणठणीत आहेत. पण ती गुठळी चोळताना सुटून फुफ्फुसात गेली असती, तर हा लेख लिहिण्याचे धैर्य मला झाले नसते.

नंतर मी त्यांना विचारले, ‘सोळा तासांत किती वेळा उठलात?’ गुरुजी जरा अभिमानानेच म्हणाले, ‘दोनदा. उठायची गरजच वाटली नाही, एवढी आरामाची खुर्ची होती. झोप लागावी म्हणून मुलाने एक गोळीही दिली होती.’

सांगायचा मुद्दा यातच आला. खुर्ची इतकी चांगली होती, की माणूस उठलाच नाही.

पोटरी म्हणजे पंप

हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलते. पण ते वर परत यायचे तर गुरुत्वाकर्षणाच्या उलट चढावे लागते. हे काम मुख्यत्वे पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आवळतात आणि आतल्या शिरा पिळून रक्त वर ढकलतात. शिरांमध्ये झडपा असतात, त्यामुळे ते पुन्हा खाली येत नाही. विहिरीवरचा हातपंप जसा दांडा हलवला तरच पाणी देतो, तसेच हे. दांडा थांबला की पाणी थांबते.

तासन्‌तास पाय न हलवता बसले की रक्त पोटरीत साचते आणि त्याचा वेग मंदावतो. गुडघा दुमडलेला असेल आणि खुर्चीची पुढची कड मांडीखाली रुतत असेल, तर शिरा आणखी दबतात. अशा संथ रक्तात गुठळी धरण्याची शक्यता वाढते. बहुतेक वेळा गुठळी लहान असते आणि आपोआप विरघळते. क्वचित ती वाढते. त्याहून क्वचित तिचा तुकडा सुटतो, हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकतो आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो.

या सगळ्यात खुर्चीच्या किमतीचा संबंध कुठेच आला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आरामखुर्चीचा जुना धडा

बिरसीची धावपट्टी बांधली गेली त्याच १९४० सालची गोष्ट. लंडनवर जर्मन विमाने रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकत होती. लोक तळघरांत आणि आश्रयस्थानांत जाऊन रात्र काढत. झोपायला जागा नसे म्हणून कापडी घडीच्या आरामखुर्च्यांत बसूनच डोळा लावत. सकाळी खुर्चीतून उठलेली माणसे अचानक कोसळून मरू लागली. कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी शवविच्छेदनांवरून दाखवून दिले, की हे मृत्यू फुफ्फुसात अडकलेल्या गुठळीने झाले. खुर्चीची पुढची लाकडी दांडी रात्रभर मांडीखाली रुतत होती. त्यांचा हा लेख त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. उपाय साधा होता, तो म्हणजे आश्रयस्थानांत आडवे होण्यासाठी फळ्या.

ती विमानातली खुर्ची नव्हती, जमिनीवरची होती. नावाने तर आरामखुर्ची!

पुढे १९५४ साली अमेरिकेतले शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांनी फार वेळ बसून झालेल्या गुठळ्यांविषयी लिहिले. त्यांच्या रुग्णांत चौदा तास विमानात बसलेला एक चोपन्न वर्षांचा गृहस्थ होता आणि तो स्वतः डॉक्टर होता. माझेही वय त्याच सुमाराचे असल्याने ही नोंद माझ्या चांगली लक्षात राहिली आहे.

१९८८ च्या सुमारास या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव रूढ झाले. ऑक्टोबर २००० मध्ये ऑस्ट्रेलियाहून वीसेक तासांचा प्रवास करून आलेली एक २८ वर्षांची ब्रिटिश तरुणी लंडनच्या विमानतळावर कोसळली आणि दगावली. जगभरच्या वृत्तपत्रांनी ते नाव उचलून धरले. योगायोग असा, की त्याच २००० साली एका ब्रिटिश विमान कंपनीने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारी खुर्ची आणली. लोकांच्या मनात हिशेब पक्का झाला, की स्वस्त खुर्ची म्हणजे गुठळी आणि महाग खुर्ची म्हणजे सुरक्षितता.

हा हिशेब चुकीचा आहे. माझ्या मते त्या नावाने जितके लोक सावध झाले, तितकेच बेसावधही झाले. गुरुजी बेसावध झाले, आणि त्यांच्यासोबत मीही.

अभ्यास काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर मोठे संशोधन करवून घेतले आणि २००७ साली त्याचे निष्कर्ष जाहीर केले. चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केला, तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. विमान असो, रेल्वे असो, बस असो की मोटार, गोष्ट तीच. पण दुप्पट म्हणजे किती? निरोगी माणसांत सुमारे सहा हजारांत एक. तेव्हा घाबरून तिकीट रद्द करण्याचे कारण नाही. कारण नाही ते निष्काळजीपणाचेही.

त्या संशोधनात एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. फार उंच माणसांना धोका जास्त, हे कळण्यासारखे आहे. पण १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सव्वापाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या माणसांनाही तो जास्त आढळला. आपल्याकडच्या बहुतेक बाया याच उंचीच्या. ‘माझे पायच टेकत नव्हते’ म्हणणाऱ्या आजी आठवा. पाय लोंबकळले की सगळा भार मांडीवर येतो आणि खुर्चीची कड रुतते. आजींचे ते मत म्हणजे म्हातारपणाची कुरकूर नव्हती. वैद्यकशास्त्र जे सांगते तेच त्यांच्या मांडीने सांगितले.

अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनी स्पष्ट म्हटले, की इकॉनॉमी क्लासमुळे गुठळी होते याला ठोस पुरावा नाही. खरे कारण लांब पल्ल्याच्या प्रवासात न हलता बसणे. खिडकीच्या जागेवर धोका वाढतो, कारण तिथला माणूस शेजाऱ्यांना उठवायला संकोचतो आणि बसूनच राहतो. बिझनेस क्लासने थोडा फायदा होत असावा, असेही एका अभ्यासात दिसले, पण दुसऱ्या एका अभ्यासात दोन वर्गांत फरक आढळला नाही. मथितार्थ असा, की वर्गापेक्षा उठणे मोठे.

मग महाग खुर्चीत काहीच नाही का?

तसे मी म्हणणार नाही. ते दुसऱ्या टोकाचे होईल.

पूर्ण सपाट होणाऱ्या खुर्चीत पाय हृदयाच्या पातळीला येतात, पाठ टेकते, झोप लागते. गुडघ्याचा संधिवात असलेल्या, कंबरेचे दुखणे असलेल्या म्हाताऱ्या माणसाला हा फायदा खरा आहे. ताठ बसण्यापेक्षा थोडे मागे रेलून बसल्याने कंबरेच्या मणक्यांवरचा भार कमी होतो, हेही खरे. शिवाय उठताना कुणाच्या गुडघ्यांवरून जावे लागत नाही. मुलांना परवडत असेल आणि आईवडिलांचे वय झाले असेल, तर ही चैन नव्हे, सोय आहे.

पण काही गोष्टी पैशाने बदलत नाहीत. विमानाच्या आतला हवेचा दाब सगळ्यांना सारखाच, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा. हवा कोरडी, तीही सगळ्यांना सारखी. पुढे बसलेल्याचे ओठ सुकतात आणि मागे बसलेल्याचेही. पायांना थोडीफार सूज दोघांनाही येते. पुढच्या भागात मद्य सढळ हाताने मिळते. त्याने गाढ झोप लागते आणि माणूस वाकडातिकडा पडून राहतो. झोपेची गोळी त्याहून वाईट. मऊ खुर्ची, मद्य आणि गोळी, तिन्ही एकत्र आली की सोळा तास पोटरीचा पंप बंद.

बिरसीवरून हैदराबादला गेलेल्यांनी मात्र मनाला लावून घेऊ नये. त्या मार्गावर आलेले एटीआर जातीचे विमान ७८ जागांचे होते. दोन-दोन खुर्च्यांच्या रांगा, बिझनेस क्लास नाहीच. प्रवास दोन तासांच्या आतला. तेवढ्या वेळात गुडघे पुढे घासले तर त्रास होतो, आजार होत नाही. गिरणीमालकांची तक्रार रास्त आहे, पण ती गैरसोयीची तक्रार आहे. धोका सुरू होतो तो चार तासांच्या पुढे.

आणि चार तासांच्या पुढचा प्रवास आपल्या लोकांना विमानापेक्षा रेल्वेने आणि एस.टी.ने जास्त घडतो. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई म्हणजे एक रात्र. महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर म्हणजे दिवस आणि रात्र मिळून वर आणखी काही तास. शयनयानाचे आरक्षण असेल तर निदान आडवे होता येते, डब्यात फिरता येते. पण जनरलच्या डब्यात खिडकीशी अडकलेला मजूर, पायाखाली गाठोडे, मांडीवर पोर, त्याच्या पोटरीचा विचार कोण करतो? त्याला ‘खुर्ची कशी वाटली’ असे कुणी विचारत नाही. रात्रभर खाजगी बसच्या बैठ्या जागेवर पुण्याला जाणाऱ्या पोरांनाही कुणी विचारत नाही. इकॉनॉमी क्लास सिंड्रोम हे नाव त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही, कारण त्यात त्यांचा क्लासच नाही.

मत कशावर द्यावे?

प्रवाशांचे मत महत्त्वाचे आहे, यात वाद नाही. पण खुर्चीविषयीचे मत आपण बहुधा पहिल्या पंधरा मिनिटांत बनवतो. बूड टेकले, मऊ लागले, झाले! दुकानात गादी घेताना आपण हात दाबून पाहतो तसे. शरीराचे मत सहाव्या तासाला तयार होते आणि कधी कधी तिसऱ्या दिवशी कळते, गुरुजींना कळले तसे.

तेव्हा कुणी नातेवाईक खुर्चीचे कौतुक सांगू लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. पाय पूर्ण टेकत होते का? दुसऱ्याला न उठवता उठता येत होते का? आणि किती वेळा उठलात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘गरजच वाटली नाही’ असे आले, तर ती खुर्ची चांगली म्हणू नका. विमान कंपन्यांनी, रेल्वेने आणि एस.टी. महामंडळानेही प्रवाशांना हेच तीन प्रश्न विचारावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जाहिरातीत खुर्चीची रुंदी आणि जेवणाचे ताट मोठे दाखवतात. ‘तासाला एकदा उठा’ हे वाक्यही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायला पैसे पडत नाहीत.

लांबच्या प्रवासात काय करावे?

जागा निवडता येत असेल तर मधल्या वाटेकडची घ्यावी. खिडकीतून ढग पाहण्याची हौस दोन तासांच्या प्रवासात भागवावी.

तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे. उठणे शक्य नसेल तेव्हा बसल्या जागी टाचा टेकवून पंजे वर उचलावेत, मग पंजे टेकवून टाचा उचलाव्यात. असे वीस-पंचवीस वेळा करावे. शेजारच्याला कळतही नाही आणि पंप सुरू राहतो.

पाय टेकत नसतील तर पायाखाली पिशवी किंवा घडी केलेले पांघरूण ठेवावे. एरवी मात्र पायापुढची जागा मोकळी ठेवावी. सामान तिथे कोंबले की पाय अडकतात.

सैल कपडे घालावेत. एका पायावर दुसरा पाय टाकून तासन्‌तास बसू नये. पाणी पीत राहावे. लघवीला उठावे लागेल म्हणून आपल्या बाया पाणी पीतच नाहीत. उलट, त्या निमित्ताने उठणे होते, ते चांगलेच. झोपेची गोळी घेऊ नये.

काहींनी प्रवासाआधी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, घरात रक्ताच्या नात्यात कुणाला झाली आहे, नुकतेच मोठे ऑपरेशन झाले आहे किंवा पायाला प्लास्टर आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात, ज्यांचे वजन फार आहे, अशांनी. पोटरीला मापात दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे मोजे अशा काहींना उपयोगी पडतात. पण ते मापाचेच हवेत. मधुमेहामुळे किंवा तंबाखूमुळे ज्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी झाला आहे त्यांना ते घातकही ठरतात. तेव्हा विचारूनच घ्यावेत. ‘रक्त पातळ राहते’ म्हणून ॲस्पिरिनची गोळी स्वतःच्या मनाने घेणेही योग्य नाही.

आल्यानंतर काय पाहावे?

दोन्ही पायांना सारखी सूज आली आणि एक-दोन दिवसांत उतरली, तर काळजी नको. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, कातडी गरम किंवा लालसर होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे आणि प्रवासाचे आवर्जून सांगावे. चोळू नये, शेकू नये, तेल लावून मालिश तर मुळीच करू नये. आपल्याकडे पाय दुखला की चोळणे हा पहिला उपाय, आणि इथे तोच अपायकारक. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा चक्कर येऊन पडले, तर क्षणाचाही वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

हा धोका घरी पोहोचल्यावर संपत नाही. प्रवासानंतरचे चार आठवडे लक्ष ठेवावे. मोजपट्टी प्रत्येक घरात असते. दोन्ही पोटऱ्या सारख्याच ठिकाणी मोजून पाहायला डॉक्टर लागत नाही. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर मात्र डॉक्टर लागतो, आणि त्याने मोजपट्टी काढली नाही तर त्याला काढायला लावावी. हे मी स्वतःला धरून सांगतो आहे.

गुरुजी पुढच्या वर्षी पुन्हा नातवंडांकडे जाणार आहेत. परवा ते आणि काकू दोघेही आले होते. मुलाने फोनवर विचारले होते, की तिकीट कोणत्या वर्गाचे काढू? गुरुजींनी प्रश्न माझ्याकडे वळवला. मी म्हणालो, ‘गुरुजी, तुम्हाला एकदा गुठळी होऊन गेली आहे. आधी फिजिशियनकडे जा, प्रवासापुरते औषध लागेल का ते ते ठरवतील. मुलाला परवडत असेल तर पुढची खुर्ची घ्या, नसेल तर मागची घ्या. पण जागा वाटेकडची.’

काकूंनी मध्येच विचारले, ‘आणि हे उठले नाही तर?’

‘तर तुम्ही उठवा,’ मी म्हणालो. ‘तासातासाला.’

काकू हसल्या. चाळीस वर्षे गुरुजींनी शाळेत पोरांना उठवून उभे केले. आता तासाच्या ठोक्याला उठायची पाळी त्यांची आहे.